रस्त्यातून चालण्याचा गुन्हा

९ ऑगस्ट २०१४, शनिवार, भर दुपारी बारा. अमेरिकेच्या मिझुरी राज्यात, सेंट लुइस शहराजवळच्या फर्ग्युसनमध्ये दोन पोरं कॅनफील्ड ड्राइव्हवरून चालली होती. रस्ता वस्तीतला, रहदारी बेताची, आणि पोरं रस्त्याच्या मधोमध. समोरून पोलिसाची गाडी आली. आतून सांगणं झालं, फुटपाथवर जा. त्यानंतर दोनेक मिनिटांत बारा गोळ्या सुटल्या आणि त्यांतला एक, अठरा वर्षांचा मायकेल ब्राउन, त्याच डांबरावर मरून पडला. त्याच्याजवळ शस्त्र नव्हतं.

गोळ्यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. फुटपाथवर कमी.

फर्ग्युसनच्या नगरपालिकेच्या नियमांत 'रस्त्यातून चालण्याची पद्धत' अशाच नावाचं एक कलम होतं. फुटपाथ असताना रस्त्यातून चाललात की गुन्हा. केंद्रीय न्याय खात्याने नंतर दप्तर तपासलं, तेव्हा या कलमाखाली धरलेल्यांपैकी ९५ टक्के कृष्णवर्णीय निघाले. गावातलं त्यांचं प्रमाण ६७ टक्के. काही प्रकरणांत नुसतं रस्त्यातून चालल्याबद्दल ३०२ डॉलर दंड लावलेला सापडला. अंगणातलं गवत वाढू दिलं म्हणून ५३१ डॉलर. गवतासाठी एवढे पैसे कोण मोजतं, असा प्रश्न पडला असेल तर त्याचं उत्तर पोलीस ठाण्यात सापडत नाही. ते नगरपालिकेच्या अर्थसंकल्पात सापडतं.

आधी जागा समजून घ्यायला हवी. सेंट लुइस शहर वेगळं आणि सेंट लुइस काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, वेगळी. काउंटीत तेव्हा नव्वदच्या आसपास नगरपालिका होत्या, त्यांतल्या काही आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलाएवढ्या. तरी ऐंशीच्या वर नगरपालिकांचं स्वतःचं न्यायालय. दहा मिनिटं गाडी चालवली तरी चार-पाच हद्दी ओलांडल्या जातात, आणि मागचा दिवा फुटका असेल तर प्रत्येक हद्दीत नवीन पोलीस, नवीन पावती. फर्ग्युसन यातलं बरंच मोठं, एकवीस हजार वस्तीचं. एमर्सन या बड्या कंपनीचं मुख्यालयसुद्धा तेव्हा इथेच होतं, वेस्ट फ्लोरिसंट अॅव्हेन्यूवर. पुढे ज्या रस्त्यावर जाळपोळ झाली तो हाच रस्ता.

शेजारचं किनलॉक हे जुनं कृष्णवर्णीय गाव. १९६०च्या दशकापर्यंत फर्ग्युसनने किनलॉककडून येणारा मुख्य रस्ता साखळी लावून बंद ठेवला होता. घरकामाला येणाऱ्या बायकांसाठी दुसरा एक रस्ता उघडा असे, तोही दिवसाउजेडी. साखळी गेली, नंतर माणसंही बदलली. १९९० मध्ये फर्ग्युसन ७४ टक्के गोरं होतं. २००० मध्ये कृष्णवर्णीय निम्म्याच्या वर गेले, २०१० मध्ये दोन तृतीयांश झाले. बदललं नाही ते कार्यालय. महापौर गोरा, नगरसेवकांत एकच कृष्णवर्णीय, आणि पोलीस दलातल्या पन्नासहून थोड्या जास्त शिपाई-अधिकाऱ्यांत कृष्णवर्णीय फक्त चार. नगरपालिकेची निवडणूक एप्रिलमध्ये, जेव्हा दुसरी कसलीच मोठी निवडणूक नसते. मतदान इतकं कमी व्हायचं की जुन्या मतदारांच्या जोरावर जुनीच माणसं निवडून येत राहिली.

आता पैसा. मिझुरीत १९८० पासून घटनेत एक तरतूद आहे, तिला हॅनकॉक दुरुस्ती म्हणतात. लोकांचं मत घेतल्याशिवाय कर वाढवता येत नाही. ऐकायला झकास. पण ज्या नगरपालिकेची घरं जुनी होत चालली आहेत, भाव पडलेत आणि दुकानं बाहेर चालली आहेत, तिने पगार कुठून द्यायचे? कर वाढवायला मत लागतं, दंड वाढवायला लागत नाही. सगळी गोम या एका ओळीत आहे. २०१० मध्ये फर्ग्युसनचं एकूण उत्पन्न १ कोटी १० लाख डॉलरच्या आसपास होतं आणि त्यात न्यायालयातून आलेले दंड नि शुल्क सुमारे १३.८ लाख. २०१५ साठी अंदाज धरला होता १ कोटी ३२ लाखांत ३०.९ लाख. म्हणजे पाच वर्षांत आठव्या हिश्शावरून जवळपास चौथ्या हिश्शावर. गुन्हे तेवढे वाढले होते असं कुणीही म्हटलेलं नाही. वसुली वाढली.

ही वसुली कुजबुजत चालत नव्हती. न्याय खात्याच्या अहवालात नगरपालिकेचे ईमेलच छापले आहेत. वित्त विभागाचा प्रमुख पोलीस प्रमुखाला लिहितो की वर्ष संपायच्या आत पावत्या भराभर फाडल्या नाहीत तर पुढच्या वर्षी जमा वाढवणं कठीण जाईल. दुसऱ्या एका पत्रात तो शहर व्यवस्थापकाला कळवतो, दहा टक्के वाढ जमेल का असं पोलीस प्रमुखांना विचारलं, ते म्हणाले प्रयत्न करू. फेब्रुवारी २०११ मध्ये एका महिन्यात १,७९,८६२.५० डॉलर जमले, आधीच्या चार वर्षांतल्या सर्वांत मोठ्या महिन्यापेक्षा सतरा हजारांनी जास्त, तेव्हा वरून शाबासकी आली. मार्च एंडला वसुलीचं टार्गेट पाहिलेल्या कुणालाही ही भाषा ओळखीची वाटेल. फरक एवढाच की इथे वसुली अधिकाऱ्याच्या कमरेला पिस्तूल होतं.

ठाण्यात कुणी किती पावत्या फाडल्या याची यादी लावली जायची. एकाच गाडीला थांबवून एका वेळी जास्तीत जास्त पावत्या कोण देतो याची चढाओढ चालायची, आणि एका प्रसंगी हा आकडा चौदावर गेल्याची नोंद आहे. चौदा पावत्या, एक माणूस, एक गाडी. शिवाय नगरपालिकेचं न्यायालय कागदोपत्री पोलीस खात्याचाच भाग होतं. इमारत पोलिसांचीच आणि कारकुनांवर देखरेखही पोलीस प्रमुखाची. न्यायाधीश अर्धवेळ, एरवी वकिली करणारा, दुसऱ्या गावांत सरकारी वकीलही. पावती फाडणारा, तारीख देणारा आणि पैसे मोजून घेणारा असे तिघेही एका छपराखाली.

पावतीचं पुढे काय व्हायचं ते नीट पाहायला हवं, कारण माणूस अडकायचा तो इथे. दंड दीडशे डॉलर आहे आणि खिशात पन्नास आहेत. कोर्टाची खिडकी पन्नास घेत नाही, पूर्ण रक्कम आणा म्हणते. काही पावत्यांवर तारीखच चुकीची, काहींवर वेळ. लोकांना ऐकून माहीत असतं की पैसे नसताना कोर्टात गेलं तर तिथल्या तिथे आत टाकतात. हे पूर्ण खरं नव्हतं, पण खोटं म्हणून समजावणारंही कुणी नव्हतं, आणि रोजंदारीवरचा माणूस अशी जोखीम घेत नाही. तो जात नाही. मग 'हजर न राहणे' हा नवा गुन्हा लागतो, त्याचा दंड ७५.५० डॉलर, वर कोर्टखर्च २६.५०. वॉरंट निघतं, त्याचे ५० डॉलर, शिवाय वॉरंट बजावायला गाडी फिरली तर मैलाला ५६ सेंट. मूळ प्रकरण गाडी चालवण्यातल्या चुकीचं असेल तर परवाना स्थगित. पण त्या भागात बस मोजक्या, नोकरी वीस मैलांवर, गाडी चालवल्याशिवाय गत्यंतर नाही. पुन्हा पकडला की स्थगित परवान्यावर गाडी चालवली, हा आणखी एक गुन्हा. त्याची वेगळी पावती, वेगळी तारीख.

आपल्याकडे सावकारीत मुद्दल बाजूला राहून व्याजाचंच मुद्दल होतं, तशी ही रचना. २०१३ मध्ये न्यायालयाच्या जमेतला जवळपास चौथा हिस्सा एकट्या 'हजर न राहणे' या कलमाचा होता. त्या एका वर्षात नऊ हजारांहून जास्त वॉरंट निघाली. ती सगळी गावकऱ्यांवर नव्हती, येणाऱ्या-जाणाऱ्यांवरही होती, पण एकवीस हजारांच्या गावाने नऊ हजार वॉरंट काढणं म्हणजे काय ते ज्याने त्याने समजावं.

अहवालातलं एक प्रकरण तर डोक्यातून जात नाही. एक बाई, २००७. गाडी चुकीच्या जागी उभी केली. एकाच चुकीच्या दोन पावत्या, दंड १५१ डॉलर अधिक शुल्क. तेव्हा तिला राहायला पक्कं घर नव्हतं, हातात पैसे नव्हते. पुढच्या काही वर्षांत 'हजर न राहणे' सात वेळा लागलं. दोनदा अटक झाली. सहा दिवस तुरुंगात काढले. मध्ये दोनदा थोडे थोडे पैसे पाठवले, पंचवीस आणि पन्नास डॉलर, तर कोर्टाने ते परत केले, पूर्ण द्या म्हणून. डिसेंबर २०१४ पर्यंत तिने ५५० डॉलर भरले होते. आणि देणं बाकी होतं ५४१ डॉलर. पार्किंगचं.

त्या भागातल्या लोकांनी यासाठी शब्द घडवला होता, 'म्युनी शफल'. एका नगरपालिकेच्या कोठडीतून सुटायचं, तर दारात दुसऱ्या नगरपालिकेची गाडी उभी, कारण तिचंही वॉरंट आहे. तिथून तिसरीकडे. पत्ते पिसावेत तशी माणसं पिसायची. एका गावचा जामीन जमवायला मावशीकडून पैसे मागितले, तर पुढच्या गावासाठी कुणाकडे मागणार? तोवर नोकरी गेलेली असते. आर्कसिटी डिफेंडर्स ही वकिलांची छोटी संस्था गोळीबाराच्या आधीपासून या कोर्टांत बसून हे टिपून घेत होती. जळाल्याशिवाय वाचलं जात नाही, असल्या टिपणांचं हे नेहमीचंच.

पोलिसी खाक्याही याच गिरणीत दळलेला. पायी चाललेल्याला थांबवून ओळखपत्र मागणं, याला तिथले पोलीस 'पेड चेक' म्हणायचे, पेड म्हणजे पेडेस्ट्रियन, पादचारी. न्यायाधीशाकडे वॉरंट मागायला जाण्यापेक्षा संगणकावर एखाद्याला 'वाँटेड' म्हणून टाकायचं, की दिसेल तिथे उचलता येतो, ही आणखी एक सोय. २०१२च्या उन्हाळ्यात बास्केटबॉल खेळून दमलेला बत्तीस वर्षांचा एक माणूस बागेपाशी आपल्या गाडीत गार होत बसला होता. पोलिसाने मागे गाडी आडवी लावली, तू मुलांवर डोळा ठेवून आहेस म्हणाला, झडती घेऊ दे म्हणाला. याने घटनेतला हक्क सांगून झडतीला नकार दिला. त्यावर पोलिसाने पिस्तूल रोखलं आणि एकूण आठ गुन्हे लावले. त्यांतला एक खोटी माहिती देण्याचा: नाव 'मायकेल' असताना 'माइक' सांगितलं. दुसरा, उभ्या गाडीत सीटबेल्ट न लावल्याचा. केंद्र सरकारच्या कंत्राटावरची त्याची अनेक वर्षांची नोकरी यात गेली. पोलिसांनी कुत्रे सोडून झालेल्या ज्या चौदा चाव्यांत माणसाचा वंश नोंदलेला होता, ते चौदाच्या चौदा कृष्णवर्णीय. झडतीचे आकडेही बोलके आहेत. कृष्णवर्णीय चालकांची झडती गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त घेतली जायची, आणि बेकायदा काही सापडण्याचं प्रमाण मात्र त्यांच्याकडे २६ टक्क्यांनी कमी. म्हणजे निव्वळ पोलिसी हिशेबानेही हा धंदा तोट्याचा. नगरपालिकेचे अधिकारी न्याय खात्याच्या माणसांना सांगत होते की या लोकांत वैयक्तिक जबाबदारीची जाणीव नाही. आणि तेच अधिकारी स्वतःच्या, मित्रांच्या नि नातलगांच्या पावत्या एका ईमेलवर रद्द करून घेत होते.

एवढं सगळं साचलेलं असताना तो शनिवार उजाडला. गोळीबारानंतर मृतदेह चार तास रस्त्यावर होता. याचं एक रुक्ष कारण आहे. लहान पोलीस दल खुनाचा तपास स्वतः करत नाही, काउंटीच्या तपासनिसांना बोलावतं, ते यायला वेळ लागतो, गर्दी वाढली की कामात आणखी खोळंबा. पण दोन्ही बाजूंच्या इमारतींतली माणसं, पोरं गॅलरीतून बघत होती. रुक्ष कारण त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगायला आले ते पोलीस कुत्रे घेऊन. पोलिसाचं नाव सहा दिवस जाहीर केलं नाही. १५ तारखेला केलं, तेव्हा त्याच बैठकीत मृत मुलाने दुकानातून सिगार उचलल्याची चित्रफीत वाटली. इतकं वाईट वेळापत्रक ठरवून आखलं तरी जमायचं नाही.

रविवारी रात्री वेस्ट फ्लोरिसंटवरचं क्विकट्रिप हे पेट्रोल पंपाचं दुकान जळालं. पुढचे दिवस चिलखती गाड्या, त्यांच्या छतावर नेम धरून बसलेले बंदूकधारी, अश्रुधूर. या काउंटीत 'कोड १०००' नावाची व्यवस्था आहे, एकाने हाक दिली की आसपासच्या दलांनी धावून जायचं. धावून आली पन्नासहून अधिक दलं, आणि प्रत्येकाचे नियम आपापले. कुणी कुणाचा हुकूम ऐकायचा हेच ठरलेलं नाही. न्याय खात्याच्याच दुसऱ्या एका तपासणीत नोंद आहे की काही वेळा पुरेशी सूचना न देता आणि लोकांना बाहेर पडायला वाट आहे की नाही हे न पाहता धूर सोडला गेला. अश्रुधुराचं साधं तत्त्व आहे, ज्या दिशेने माणसं जायला हवीत ती दिशा मोकळी ठेवायची. दोन्ही टोकं बंद करून मधे धूर सोडला तर माणसं वस्तीत घुसतात, आणि मग आणखी कुणीतरी दगड उचलतो. काही पोलिसांनी छातीवरच्या नावाच्या पट्ट्या काढून ठेवल्या होत्या. गव्हर्नरने १४ तारखेला सूत्रं राज्य महामार्ग पोलिसांचे कॅप्टन रॉन जॉन्सन यांच्याकडे दिली. ते याच भागात वाढलेले, कृष्णवर्णीय. त्या संध्याकाळी ते मोर्च्याबरोबर चालले, रात्र शांत गेली. दुसऱ्या दिवशी ती चित्रफीत आली आणि सगळं मुसळ केरात.

मग आला पाच सेकंदांचा नियम. पोलिसांनी लोकांना सांगायला सुरुवात केली की थांबायचं नाही, चालत राहा, पाच सेकंदांहून जास्त एका जागी उभे राहिलात तर अटक. फुटपाथवरसुद्धा. ज्या गावात आठवड्यापूर्वी रस्त्यातून चालू नका, फुटपाथवर जा, म्हणून सगळं सुरू झालं, तिथे आता फुटपाथवर उभं राहणं हा गुन्हा ठरला. ६ ऑक्टोबरला केंद्रीय न्यायाधीश कॅथरीन पेरी यांनी हा नियम घटनाबाह्य म्हणून थांबवला. पुढे फर्ग्युसनच्या पोलिसांवर देखरेख ठेवण्याचा खटला याच न्यायाधीशांकडे आला.

२४ नोव्हेंबरला ग्रँड ज्यूरीचा, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचा, निकाल आला: गोळ्या झाडणारा पोलीस डॅरन विल्सन याच्यावर खटला नाही. तो वाचला रात्री आठनंतर, अंधारात, रस्ते माणसांनी भरल्यावर. त्या रात्री डझनभर इमारती जळाल्या, त्यांत कृष्णवर्णीयांच्या उदरनिर्वाहाची दुकानंही. त्याचं समर्थन होत नाही.

४ मार्च २०१५ रोजी न्याय खात्याने दोन अहवाल एकाच दिवशी दिले. ८६ पानांचा पहिला म्हणतो की विल्सनवर केंद्रीय खटला उभा राहत नाही. गाडीच्या खिडकीत झटापट झाल्याला पुरावा आहे, आणि ब्राउन हात वर करून शरण जात होता असं सांगणाऱ्यांच्या साक्षी पुराव्याशी जुळत नाहीत. दुसरा, शंभरावर पानांचा, पोलीस खातं आणि कोर्ट यांच्याबद्दल, ज्यातले आकडे वर आले. दोन्ही एकाच खात्याचे, एकाच चिकाटीने लिहिलेले. पण बहुतेकांनी आपल्याला हवा तो वाचला. निदर्शकांची 'हात वर' ही घोषणा ज्यांना प्रिय होती त्यांना पहिला नको होता, आणि घोषणा खोटी ठरली म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांना दुसरा. दोन्ही एकत्र वाचले तर निघतं ते असं: त्या दुपारी काय झालं याबद्दल गावाने चुकीची गोष्ट धरली असेल, पण ती इतक्या चटकन खरी का वाटली त्याचा हिशेब गावाकडे पावत्यांसकट होता. विल्सनची पहिली नोकरी शेजारच्या जेनिंग्जमध्ये होती. तिथल्या पोलिसांचं कृष्णवर्णीय रहिवाशांशी इतकं बिनसलं होतं की २०११ मध्ये त्या नगरपालिकेने आपलं अख्खं पोलीस दलच बरखास्त केलं.

नंतरचं थोडक्यात. 'हजर न राहणे' हे कलम सप्टेंबर २०१४ मध्येच रद्द झालं. पोलीस प्रमुख, शहर व्यवस्थापक, न्यायाधीश गेले. २०१५ मध्ये राज्याने वाहतूक दंडांतून मिळणाऱ्या उत्पन्नावर २० टक्क्यांची मर्यादा घातली, सेंट लुइस काउंटीसाठी १२.५ टक्क्यांची. ही वेगळी मर्यादा २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकली, एकाच काउंटीसाठी वेगळा कायदा करता येत नाही म्हणून. एप्रिल २०१६ मध्ये फर्ग्युसनचं पोलीस खातं न्यायालयाच्या देखरेखीखालच्या करारनाम्याने बांधलं गेलं. सही करायलाही नगरपालिकेने खळखळ केली, खर्च परवडत नाही म्हणून. दंड बंद झाले की भोक पडणारच होतं. जेनिंग्जने दंडासाठी डांबलेल्यांना ४७ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, फर्ग्युसनने २०२४ मध्ये ४५ लाख. जून २०२० मध्ये एला जोन्स महापौर झाल्या, गावच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौर. दहाव्या स्मृतिदिनाच्या निदर्शनांत ठाण्यासमोर एक पोलीस अधिकारी गंभीर जखमी झाला, तोही कृष्णवर्णीय.

कॅनफील्ड ड्राइव्हवर ब्राउन पडला तिथे पहिल्याच संध्याकाळी फुलं, मेणबत्त्या, मऊ खेळणी जमायला लागली, बरोबर रस्त्याच्या मधल्या रेषेवर. ढीग वाढत गेला, गाड्या दोन्ही बाजूंनी सावकाश वळून जायच्या. नाताळच्या रात्री कुणीतरी त्यावरून गाडी घातली. पोलीस खात्याच्या प्रवक्त्याने पत्रकाराला सांगितलं की तो कचऱ्याचा ढीग आहे, आणि त्याबद्दल त्याला निलंबित व्हावं लागलं. लोकांनी दुसऱ्या दिवशी खेळणी पुन्हा रचली. मे २०१५ मध्ये ती सगळी उचलली गेली, आणि स्मृतिफलक बसवला तो बाजूला, फुटपाथवर.